उतरून चालण्याचा नियम

कात्रजच्या तलावाचे पाणी जुन्या शहराकडे नेणारा नळ आता बहुतेक ठिकाणी रस्त्यांच्या आणि इमारतींच्या पोटात गेला आहे. नळ म्हटले की आज लोखंडी पाइप डोळ्यांसमोर येतो. हा तसा नाही. जमिनीखालून दगडविटांनी बांधून काढलेला तो एक बोगदाच आहे, माणूस वाकून आत चालू शकेल एवढा. पाणी केवळ उताराने वाहते आणि तो उतार इतका बेताचा आहे, की वर उभे राहिलेल्या माणसाला जमीन सपाटच वाटते. सायकलच्या पॅडलला मात्र तो कळतो. शहराकडे येताना पाय हलका पडतो, तलावाकडे जाताना किंचित जड. बोगद्याला हवा मिळावी म्हणून अंतराअंतरावर धुराड्यासारखे चौकोनी बांधकाम वर काढलेले असते, त्याला उच्छ्वास म्हणतात. बहुतेकांचे कठडे आता ढासळले आहेत. काहींच्या तोंडावर लोखंडी जाळी आहे, काहींच्या नाही.

या नळाचा दीडेक किलोमीटरचा तुकडा एका टेकडीच्या पायथ्याशी अजून मोकळा आहे. त्यावर गवत वाढते आणि गवतातून एक पायवाट जाते. माझा थोरला भाऊ आणि मी दर रविवारी सकाळी तिथे सायकल चालवत असू. दादा कात्रजला राहतो, मी धायरीला. तो कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःसाठी जाड टायरची, गिअरची, पुढे शॉकअप असलेली डोंगरी सायकल घेतली आणि दोन वर्षांनी मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा मलाही घ्यायला लावली. मी भूगोल शिकवत असे. दादा मला ‘मास्तर’ म्हणतो. त्यात गौरवाचा भाग फारसा नसतो.

तीन वर्षांपूर्वी दादाला कंपवाताचे निदान झाले. प्रथम उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला, मग अक्षर बारीक होत गेले, मग चालणे बिघडले. चालण्याचे बिघडणे विचित्र असते. ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण मी ते वेळेवर समजून घेतले नाही. पाय दुखत नाहीत, पायांतली ताकदही गेलेली नसते. पण थांबलेल्या जागेवरून पुन्हा चालू लागताना किंवा वळताना पाय एकाएकी जमिनीला चिकटल्यासारखे होतात. माणसाला जायचे असते, कुठे जायचे हेही ठाऊक असते, पाय उचलत नाही.

आणि सायकलवर यातले काहीही होत नसे. लिफ्टपासून फाटकापर्यंत यायला त्याला पाच मिनिटे लागत. फाटकाशी एक दगडी पायरी आहे. तिच्यावर डावा पाय टेकवून, मी सायकल धरली की तो टांग टाकी, आणि पुढच्या दोन मिनिटांत मी त्याच्या मागे पडलेला असे. हे मी कितीतरी रविवार पाहिले. मला त्याचे आश्चर्य वाटे. त्यातून काही शिकावे असे मात्र वाटले नाही.

वहिनींना दादाचे हे सायकल चालवणे मुळीच पसंत नव्हते. स्कूटर त्यांनी आधीच बंद केली होती. घरातली हत्यारांची पेटीही, एकदा बोटाला कानस लागल्यावर, माळ्यावर गेली होती. एके दिवशी माझ्यासमोर त्या स्पष्टच म्हणाल्या, “तुम्ही बरोबर असता म्हणून मी पाठवते, भावजी. ज्या दिवशी हे पडतील, त्या दिवशी सायकल बंद.” खाली आल्यावर दादा, पायरीवर पाय टेकवून, माझ्याकडे न बघता म्हणाला, “एवढं एकच राहिलंय बघ. हे गेलं की मी नुसता पेशंट.”

त्यानंतर त्याने पडू नये हे माझे काम झाले आणि मी ते माझ्या पद्धतीने हाती घेतले.

पावसाळा संपला होता. गवत कमरेपर्यंत वाढले होते आणि उच्छ्वासांचे ढासळलेले कठडे त्यात दिसेनासे झाले होते. एका शनिवारी मी एकटाच वही घेऊन नळावरून चालत गेलो. सात उच्छ्वास मोजले, त्यांना क्रमांक दिले, एकमेकांतले अंतर पावलांनी मापले. दुसऱ्याची आणि चौथ्याची जाळी तुटलेली होती. चौथ्यापाशी पायवाट त्याच्याच बाजूला कललेली होती. जुन्या लाल कापडाच्या पट्ट्या फाडून नेल्या होत्या, त्या प्रत्येक उच्छ्वासाच्या अलीकडच्या झुडपाला बांधल्या. मग नियम केला: लाल पट्टी दिसली की सायकलवरून उतरायचे, सायकल हाती धरून दहा पावले चालायचे, उच्छ्वास मागे पडला की पुन्हा बसायचे.

हा नियम मला नव्याने शोधावा लागला नव्हता. शाळेच्या सहलीत तो मी आयुष्यभर वापरला. रस्ता ओलांडायचा असो की ओढा, आधी सगळी रांग थांबवायची, डोकी मोजायची आणि मगच चालवायचे. एकही मूल मी कधी हरवले नाही की पाडले नाही. त्यामुळे थांबणे आणि चालणे म्हणजे सुरक्षित, आणि चाकावर असणे म्हणजे धोका, हे माझ्या मनात इतके पक्के होते, की त्याची तपासणी करावी असे मला सुचले नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी तो नियम दोघांना वहीतून वाचून दाखवला. दादाने विचारले, “परीक्षा पण आहे का?” मी म्हटले, दर रविवारी. वहिनींच्या चेहऱ्यावरचा ताण बऱ्याच दिवसांनी उतरलेला दिसला आणि मला समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी हवा स्वच्छ होती. पहिल्या पट्टीपाशी आम्ही उतरलो. दादाला पहिले पाऊल उचलायला बराच वेळ लागला, पण तो चालला. पलीकडे मी त्याची सायकल धरली, त्याने कशीबशी टांग टाकली. दुसऱ्या उच्छ्वासापाशी तो सायकलला धरून नुसताच उभा राहिला. मी चल म्हटले. तो तसाच. मी पुन्हा म्हटले. तेव्हा म्हणाला, “मास्तर, तुझ्या वर्गात उभं राहायची शिक्षा किती वेळाची असते?” मी हसलो. त्याला माझा नियम आवडलेला नाही आणि म्हणून तो मुद्दाम वेळ काढतो आहे, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंतचा टप्पा सर्वांत लांब आहे. तिथे पायवाट सरळ जाते. दादा पुढे होता. दोन्ही बाजूंचे गवत त्याच्या गुडघ्यांना घासत होते, खाचखळग्यांवर पुढचे चाक दबून वर येत होते आणि त्याची पाठ स्थिर होती. मागून आलेली दोन तरुण मुले, हेल्मेट, रंगीत जर्सी असा जामानिमा केलेली, आम्हाला ओलांडून गेली. त्यातला एक जाता जाता म्हणाला, “काका, सॉलिड पेस आहे तुमची!” दादाने एक बोट हँडलवरून उचलले. ते बोट थरथरत नव्हते. हे मी इतक्या खात्रीने सांगतो, कारण माझे लक्ष तेव्हा त्याच्या हातावरच होते.

चौथी पट्टी दिसली तसे त्याने मागे न वळता सांगितले, “इथे नको उतरायला. जमीन कललेली आहे. वाट दिसतेय मला, सरळ जातो.”

“नियम म्हणजे नियम, दादा,” मी म्हणालो. “दहा पावलं तर आहेत.”

दादाने जन्मात माझे काही ऐकले नव्हते. त्या दिवशी ऐकले. घरी गेल्यावर वहिनी मला विचारणार आणि मी खोटे बोलणार नाही, हे त्याला ठाऊक होते. त्याने ब्रेक लावला, उतरला, सायकल हाती धरली आणि तिथेच गोठला.

ते दृश्य मी अनेकदा मनात तपासले आहे. त्याच्या टाचा वर उचलल्या होत्या, चवडे जमिनीत रुतल्यासारखे होते. गुडघे भराभर थरथरत होते आणि वरचे शरीर मात्र पुढे निघाले होते. डाव्या हाताला, दोन हातांवर, उच्छ्वासाचे तोंड होते. मी माझी सायकल गवतात आडवी केली आणि कवायतीच्या तासाला मोजतात तसे एक-दोन, एक-दोन मोजू लागलो. त्यामुळे त्याची थरथर वाढली. तो दबक्या आवाजात म्हणाला, “गप्प बस जरा.” तेवढे तरी मी ऐकायला हवे होते. पण उच्छ्वासाच्या तोंडाकडे बघून मला धीर धरवेना. मी त्याचा कोपर धरला आणि पुढे ओढले.

शरीर आले, पाय आले नाहीत. तो उजव्या हातावर पडला आणि सायकल त्याच्या अंगावर. ज्या खड्ड्याला मी भीत होतो त्यात तो पडला नाही. ज्या दहा पावलांना मी सुरक्षित म्हटले होते, त्यांतल्या पहिल्याच पावलाला पडला.

मी सायकल बाजूला केली आणि त्याला उभे करण्याची धडपड सुरू केली. तेवढ्यात म्हशी घेऊन एक बाई टेकडीवरून खाली येत होती. तिने क्षणभर पाहिले आणि मला म्हणाली, “आवो, बसू द्या की त्यास्नी. उभं कशापायी करताय?” मी हात सोडला. दादा गवतात बसला, मनगट छातीशी धरून. बाईने मागाहून एवढेच विचारले, की कुणी घरचे हाय का. मी म्हटले, मीच घरचा. तुम्ही परत येईपर्यंत सायकली सांभाळते, एवढे तिने सांगितले आणि ते पाळले.

तिथून रस्त्यापर्यंत जेमतेम अर्धा किलोमीटर असेल. रिक्षा आत येऊ शकत नव्हती. मोडल्या मनगटाने सायकल चालवता येत नव्हती आणि चालणे आधीच येत नव्हते. आम्हाला तासाहून जास्त वेळ लागला. वाटेत दादा माझ्याशी एकच वाक्य बोलला: वहिनींना काय सांगायचे ते त्याचे तो सांगेल. पण वहिनींनी दार उघडून आधी माझ्याकडेच पाहिले आणि मी सर्व सांगितले, जसे घडले तसे, क्रमाने.

मनगटाला प्लास्टर पडले. सायकल इमारतीच्या जिन्याखाली गेली आणि तिला साखळी लागली.

प्लास्टर निघाल्यावर व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट बाई येऊ लागल्या. पहिल्या दिवशी मीही होतो. कसे पडले, असे त्यांनी विचारले. दादा भिंतीकडे बघत होता, म्हणून मी सांगितले, नियमासकट. मुलीच्या वयाच्या त्या बाईंनी मला दोष दिला नाही. चांगला शिक्षक चुकलेले गणित समजावतो तसे समजावले. गोठलेल्या माणसाला ओढायचे नसते, थांबायचे असते. अशा माणसांना अवघड असते ती नवी सुरुवात. सायकलवर चाकच पायाला लय देते, म्हणून चालता न येणारे कितीतरी जण सायकल चालवू शकतात. “त्यांना दर वेळी उतरवलंत ना, तेच नको होतं,” त्या म्हणाल्या. मी विचारले, मग आता पुन्हा चालवता येईल का? मधल्या खंडाने तोल किती बिघडला आहे ते पाहावे लागेल, मोकळ्या सपाट जागी सुरुवात करून बघायला हरकत नाही, पण पडणार नाहीत अशी हमी कुणीच देणार नाही, असे त्यांनी सांगितले. मी ते सर्व वहीत उतरवून घेतले.

त्या गेल्यावर वहिनींनी चहा आणून ठेवला. दादा खुर्चीत बसला होता, बरे झालेले मनगट दुसऱ्या हाताने हलकेच फिरवत. वहिनी पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन बसल्या.

“भावजी, तुम्हीच सांगा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही हो म्हणालात तर पाठवते.”

दादाने मनगट फिरवणे थांबवले.

उत्तर माझ्या मांडीवरच्या वहीत होते. ते बरोबर होते आणि या वेळी तपासलेलेही होते. वर्गात उत्तर ठाऊक असून गप्प बसलेल्या मुलांवर मी नेहमी चिडत असे. पण माझ्या तळहाताला त्याचा कोपर आठवत होता, शरीर आले आणि पाय आले नाहीत तो हिसका आठवत होता. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि तो खाली बघत होता.

“बघू,” मी म्हणालो. “थंडी जरा कमी होऊ दे.”

थंडीचा यात काही संबंध नव्हता हे आम्हा तिघांनाही समजले.

“थंडीत तर मजा असते रे,” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मग कप तसाच ठेवून, दोन्ही हात खुर्चीवर टेकवून तो उठला आणि गॅलरीकडे निघाला. दाराच्या चौकटीशी त्याचे पाय थांबले. वहिनी उठू लागल्या, तेव्हा मी हातानेच त्यांना बसायला सांगितले. ओढायचे नाही, एवढे आता मला माहीत होते. त्याच्या टाचा उचललेल्या होत्या. आम्ही दोघे आपापल्या जागी बसून राहिलो आणि त्याच्या पाठीकडे बघत राहिलो.