मुकीचं झाड

एम्ब्रोस प्रोबर्ट कुंपणं घालायचा. फळ्यांची नव्हे, जिवंत झुडपांची. हिवाळ्यात कोयता घेऊन तो झुडपाच्या खोडाला बुडाशी असा तिरका घाव घालायचा की खोड तुटता तुटता राहावं. मग ते हलकेच आडवं करून खुंट्यांमधून विणायचा. जेवढी साल शिल्लक, तेवढ्यावर झुडूप जगायचं आणि वसंतात पुन्हा फुटायचं. हेरफर्डशायरच्या आमच्या खोऱ्यात त्याच्या हातचं कुंपण दुरूनही ओळखू यायचं.

पण त्याचं नाव होतं ते पेरीसाठी, म्हणजे नाशपातीच्या आंबवलेल्या रसासाठी. सफरचंदाची सायडर आमच्याकडे घरोघरी निघते. नाशपातीची पेरी काढणारे थोडे, आणि मुकीची पेरी काढणारा एकटा एम्ब्रोस. मुकी हे झाडाचं नाव. 'सेव्हन स्टार्स' या आमच्या पबच्या मागच्या कुरणात ते उभं होतं, पबच्या धुराड्याच्या दुप्पट उंच. त्याचं फळ कच्चं चावलं तर जीभ टाळूला चिकटायची आणि माणूस घटकाभर बोलायचा नाही, म्हणून ते नाव. तसलं दुसरं झाड कुठेच नव्हतं. ऑक्टोबरात फळं पडू लागली की एम्ब्रोस रोज एक चिरून बघायचा, कारण ही नाशपाती बाहेरून हिरवी, टणक दिसते तेव्हाच आतून काळी पडायला लागलेली असते. एक दिवस चुकला की पिंप वाया. चाळीस वर्षांत तो चुकला नव्हता.

झाड त्याचं नव्हतं. पबचा जुना मालक गॉडसॉल आणि तो, दोघांनी तरुणपणी हातावर हात मारला होता. दर हिवाळ्यात एम्ब्रोसने कुरणाचं थोडं कुंपण घालून द्यायचं, त्याच्या बदल्यात पुढच्या शरदातली फळं त्याची. कागद नाही, साक्षीदार नाही. म्हातारा गॉडसॉल गेल्यावर त्याचा मुलगा लेस्टर पब चालवू लागला, तेव्हा त्यानेही एम्ब्रोसच्या हातावर हात मारला.

मी मर्विन, गवंडी. एम्ब्रोसच्या शेजारच्या घरात मी तीस वर्षं राहिलो. मी त्याला कितीदा म्हटलं असेल, मुकीचं एक कलम करून ठेव. दोनदा त्याने केलंही. एक मेंढ्यांनी खाल्लं, दुसरं वाळलं. कलमाची काडी कापायची ती जानेवारीत, झाड झोपलेलं असताना. दर जानेवारीत तो कुंपणात गुंतलेला असायचा. म्हणायचा, "अरे, ही बाई तीनशे वर्षं जगणारी. मला पोचवून येईल आणि तुलाही."

सेव्हन स्टार्समध्ये काउंटरच्या वरच्या तुळईला ओळीने खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेकाचा पेला टांगलेला. एम्ब्रोसचा कथलाचा, माझा निळ्या काठाचा चिनी मातीचा. माणूस मेला तरी पेला तिथेच राहायचा, फक्त उलटा. जिवंतपणी आपला पेला कोणी उतरवून नेल्याचं मी ऐकलं नव्हतं. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी एम्ब्रोस नव्या पिंपातला पहिला जग घेऊन यायचा. त्या दिवशी लेस्टर बिअरचे नळ बंद ठेवायचा. सगळ्यांच्या पेल्यांत दोन-दोन घोट पेरी पडायची आणि पहिला घोट मालकाने घ्यायचा, झाड त्याचं म्हणून. त्या पेरीचा रंग पेंढ्यासारखा. जिभेवर आधी फुलांचा वास, मग दगडावरून आलेल्या पाण्याचा गारवा, आणि गिळून झाल्यावर पुष्कळ वेळाने गोडी. तिच्यात घाई नव्हती. एम्ब्रोसमध्येही नव्हती.

एकोणीसशे त्र्याऐंशीच्या जानेवारीत लेस्टरने मला पबच्या मागच्या खोलीत बोलावलं. पब चालत नव्हता हे सगळ्यांना दिसत होतं. छप्पर गळत होतं, आणि आम्ही दहाबारा जण एकेका पेल्यावर दुपार काढणारे. त्याने कुरण विकलं होतं, सही ख्रिसमसच्या आधीच झाली होती. तिथे चार घरं होणार होती, आणि त्यांच्या दगडी भिंतींचं काम मला मिळावं असं त्याने घेणाऱ्याकडे बोलून ठेवलं होतं. मी झाडाबद्दल विचारलं.

"झाड जाणार," तो म्हणाला. "पण ताबा जूनमध्ये आहे. तोवर म्हाताऱ्याला सांगू नकोस. शेवटची पेरी तरी सुखाने पिऊ दे त्याला."

मला ते दयेचं बोलणं वाटलं. खरं सांगायचं तर वाटवून घेतलं, कारण भिंतींचं काम मोठं होतं आणि माझ्या हाताला दोन हिवाळे काम नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात लेस्टरने एम्ब्रोसला सांगितलं की या वर्षी थोडं नको, रस्त्याकडचं सगळंच कुंपण घालून टाक. घेणाऱ्याला ते नीटनेटकं हवं होतं. एम्ब्रोसला हे कुठलं माहीत? त्याला वाटलं, लेस्टरला बापाची जमीन राखायची आहे. एकाहत्तराव्या वर्षी तो सात आठवडे त्या चिखलात उभा राहिला. मी जाता-येता बघायचो. बर्फाची भुरभुर पडत असताना तो एकेक खोड वाकवायचा, तान्ह्या पोराची मान धरावी तसं. असं कुंपण त्याने आधी कधी घातलं नव्हतं. एकदा मला थांबवून म्हणाला, "मर्विन, एवढ्या कामावर पुढच्या दहा हंगामांची फळं माझी झाली."

मुकी तेव्हा त्याच्यापासून तीस पावलांवर होती. कोवळी काडी कापायला कोयताही हातात होता. मी हं म्हणालो आणि पुढे गेलो.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी ऊन पडलं होतं. मुकीचा बहर नुकताच गळला होता आणि कुंपण बुडापासून फुटून आलं होतं. एम्ब्रोस स्वच्छ शर्ट घालून जग घेऊन आला. लेस्टरने पहिला घोट घेतला, डोळे मिटले, म्हणाला की अशी कधीच झाली नव्हती. ते खरं होतं. आम्हा बाकीच्यांच्या पेल्यांत पेरी पडली. एम्ब्रोस लेस्टरला म्हणाला, "पुढच्या वर्षी दोन पिंपं काढू, झाड लगडणार आहे."

तेव्हा लेस्टरने पेला खाली ठेवला आणि सांगून टाकलं. काउंटर पुसत, मान वर न करता. कुरण विकलं, सोमवारी यंत्र येणार.

एम्ब्रोस जगच्या दांडीवर बोट फिरवत राहिला. मग सावकाश म्हणाला, "आत्ता पान आलंय. आता काडी लागणार नाही. ऑगस्टपर्यंत थांबव, तिच्या फांदीवरचे डोळे काढून मला दुसऱ्या झाडाच्या सालीत भरता येतील. चार डोळे पुरतील."

"माझ्या हातात नाही रे," लेस्टर म्हणाला. "घेणाऱ्यांच्या घाईने ताबासुद्धा आधीच दिला."

"सही कधी केलीस?"

"नाताळच्या आधी."

एम्ब्रोसने मनात महिने मोजले असावेत. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा पेला माझ्या हातात होता, एक घोट उरलेला.

"मर्विन, तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. लेस्टर माझ्या वतीने मान हलवायला तयारच उभा होता.

"जानेवारीत," मी म्हणालो.

"माझ्या कुंपणाआधी की नंतर?"

"आधी."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने हात वर करून आपला कथलाचा पेला खिळ्यावरून काढला, बाहीने पुसला आणि कोटाच्या खिशात घातला. पेरी त्यात घेतलीच नव्हती त्याने. अर्धा जग काउंटरवर तसाच राहिला. लेस्टरने कोणाला आणखी हवी का विचारलं नाही, आणि कोणी पेला पुढे केला नाही.

मी भिंती बांधल्या. चांगल्या बांधल्या. घरं घेणाऱ्यांना भिंतींपेक्षा रस्त्याकडचं कुंपणच जास्त आवडलं. तिसऱ्या वर्षी त्या कुंपणापासून तीस पावलांवर, मुकी जिथे होती तिथे, जमिनीतून नाशपातीचे तीन फुटवे वर आले. एक फांदी तोडून मी एम्ब्रोसच्या दारी गेलो. तीन वर्षांत तिथे गेलो नव्हतो. म्हणालो, "ती परत आलीय."

त्याने फांदी हातात घेतली, उजेडाकडे धरली, अंगठा खालून वर फिरवला. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला.

"काटे आहेत," तो म्हणाला. "मुकीला काटे नव्हते. तिचं कलम ज्या रानटी मुळावर केलं होतं, ते हे. वरचं झाड गेलं की खालचं होतं ते वर येतं. याची पेरी होत नाही."

फांदी त्याने मला परत दिली आणि अंगठा चोखत आत गेला. दार त्याने आपटलं नाही, हळूच लोटून घेतलं.