सासूबाईंच्या घोडीचे खूर

मी नालबंद आहे. घोड्यांच्या पायाशी वाकून अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे खुरातलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. हा रुबाब माझ्या सासूबाईंच्या घोडीने पार उतरवला.

सासूबाईंची श्रद्धा दोनच गोष्टींवर: स्वच्छता आणि पोटभर खाणं. सासरे गेल्यावर त्यांनी स्वतः घोडागाडी हाकली, बाजारातली पोती वाहिली, तीन पोरी वाढवल्या. त्यातल्या मधलीने मला पत्करलं. पुढे बाजारात टेम्पो आले आणि गाडी बंद झाली, पण घोडी विकायचा विषय काढायची कुणाची टाप नव्हती. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागूनच तिचा तबेला. सासूबाई सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतून त्याची फरशी घासायच्या. घोडीचे कष्ट संपले होते, खुराक मात्र कष्टाचाच राहिला: बादलीभर धान्य, शिळा पाव आणि वर लाडाची साखर. घरचा जावई म्हणून माझीही बडदास्त साधारण तशीच होती.

घोडी लंगडायला लागली तेव्हा मी नाल बदलला. पुन्हा लंगडली, पुन्हा बदलला. रुंद नाल झाला, हलका नाल झाला, खिळे बारीक करून झाले. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. माझं उलटं. अंगण खरोखरच वाकडं होतं आणि मी आपला नाच सुधारत बसलो होतो. खूर उचलला की कुबट वास यायचा, तेव्हा मी फक्त नाक बाजूला करायचो.

एका सकाळी घोडी पुढचे पाय ताणून, सगळा भार मागे टाकून उभी राहिली. जागची हलेना. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी खुरांना हात लावून पाहिला. खूर तापले होते.

"नाल कोणी ठोकले?"

मी छाती काढून पुढे झालो.

"काढा," त्या म्हणाल्या. मग सासूबाईंकडे वळल्या. "काम काही नाही आणि खाणं एवढं! त्यानेच खुरांच्या आत सूज आलीय. त्यात ही फरशी कायम ओली, म्हणून खालून खूर कुजतायत. आता फक्त सुकं गवत आणि पायाखाली कोरडं. सुजेने आतलं हाड जागचं हललंय, ते आणखी सरकलं तर तिला कायमचं झोपवावं लागेल."

"म्हणजे मीच मारतेय तिला?" सासूबाईंनी विचारलं.

मी घोडीच्या पायाशी बसलो आणि नाल काढू लागलो.

त्या दिवसापासून घरात कडक कायदा आला. फरशीवर लाकडाचा कोरडा भुसा, घोडीपुढे मोजकं गवत. तिच्यादेखत कुणी गोड खाल्लेलं सासूबाईंना बघवेना, म्हणून जावयालाही बिनसाखरेचा चहा. रोग रेड्याला, औषध पखालीला! पण पखालीचं पोट जरा उतरलं, खोटं कशाला बोला. मी रोज जाऊन खूर कोरडे करायचो, धग बघायचो. घोडी मागच्या दाराकडे बघून खिंकाळायची. सासूबाई धान्याच्या बादलीपर्यंत जायच्या आणि तशाच परत फिरायच्या.

"माया करायची म्हणजे वाढायचं, एवढंच येतं हो मला," एकदा त्या चिडून म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. धीराचं काहीतरी बोलावं म्हणून मी त्यांना नालांचे प्रकार समजावून सांगितले.

हळूहळू खुरांतली धग उतरली. एका दुपारी गेलो तर सासूबाई तबेल्यात पोतं अंथरून बसलेल्या. घोडी सावकाश पावलं टाकत आपणहून त्यांच्याकडे आली. तिने त्यांचा एक हात हुंगला, मग दुसरा.

"काही नाही गं त्यात," सासूबाई म्हणाल्या.

घोडी वळली नाही. मान खाली घालून तिने डोकं त्यांच्या मांडीशी टेकवलं आणि तशीच उभी राहिली. सासूबाई रडू लागल्या. मला पाहून त्यांनी घाईघाईने डोळे पुसले.

"आणि तुम्ही हो, जावईबापू? तुम्हालाही आता इथे काही मिळत नाही. मग कशाला येता?"

"खूर बघायला," मी म्हणालो.

"खूर सकाळीच बघून गेलात," त्या म्हणाल्या आणि पोत्यावर जरा सरकून मला जागा करून दिली.