कडुबांची बंद खोली

कडुबा साळवे तीस वर्षं शेंद्र्याच्या एका कारखान्यात मापं तपासत होते. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. दुकानातून आणलेली साखर घरी पुन्हा तोलणारा माणूस. त्यांनी रेडिएशन ओळखायचं यंत्र जुळवलं तेव्हा मी, त्यांचा शेजारी, मनसोक्त हसलो होतो. यंत्र जुळवलं त्या दिवसापासून घरात एकच हुकूम होता, "माझ्या खोलीत कुणी पाय ठेवायचा नाय." का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग मुलगी अमृता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिच्या खोलीत यंत्राचा आकडा चढला. बाकीच्या घराच्या दीडपट. कडुबांची झोप उडाली. संशय नव्या फरशीवर होता. पण रेडिएशन नेमकं कशाचं हे कळायला यंत्राची पट्टी आधी ओळखीच्या वस्तूंवर जुळवावी लागते. प्रयोगशाळेतले नमुने त्यांच्या ऐपतीबाहेरचे. म्हणून लासूर स्टेशनच्या बाजारातून त्यांनी पोटॅश खताची पिशवी आणली. त्यातलं पोटॅशियम थोडं रेडिएशन सोडतं; त्याचा उंचवटा पडद्यावरच्या आलेखात उमटला, पण एका खुणेवर पट्टी जुळत नाही. दुसरी खूण हवी म्हणून गॅसबत्तीचं मेंटल, म्हणजे आतली जाळी, आणलं, तर ते मुकं निघालं. हल्ली त्यात किरणोत्सारी थोरियम घालत नाहीत. इकडे अमृताला आठवा सरत आलेला. शेवटी एका मंडपवाल्याच्या माळ्यावर जुन्या मेंटलचं पाकीट सापडलं आणि पट्टी जुळली.

"सोमनाथ, ही मेंटलची डबी तुझ्या घरी ठेव, मोजणीत तिची भेसळ नको," कडुबा म्हणाले. मेंटल माझ्याकडे गेलं. अमृताला ओसरीवर बसवून आम्ही यंत्र तिच्या खोलीत नेलं. अर्धा तास मोजलं. जास्तीचं काहीच नाही. फरशी निर्दोष होती.

तेवढ्यात कडुबांची बायको पारूबाई चहा घेऊन आल्या, यंत्राशेजारी टेकल्या आणि आकडा उसळला. हळूहळू पडद्यावर मेंटलचेच उंचवटे दिसू लागले, त्याच जागांवर.

"डबी माघारी आणली का रे?" कडुबांनी मला विचारलं.

"नाय."

कडुबांनी बायकोकडे पाहिलं. "गळ्यात काय हाय?"

"लॉकेट. प्रदर्शनात घेतलं. रेडिएशन अडवतंय म्हणला त्यो इकणारा." अडवणं दूरच, थोरियम त्या लॉकेटातच होतं.

"तुला कशाला पाहिजे ते?"

"तुमच्या खोलीला भिऊन," पारूबाई म्हणाल्या. "तुम्ही नुसतं लांब राहा म्हणता. पोरगी पोटुशी. मी काय करायचं?" "तिच्या पोटाला पण असंच एक बांधलंय. आली त्या दिवसापासून."

कडुबा ओसरीवर धावले. त्यांच्या हाताला गाठ सुटेना, पारूबाईंनीच ती सोडली.

"बाबा, बाळाला काय झालं का?"

मला कडुबांचा संताप आला होता. एवढं मोजलं, पण घरच्या माणसांना चार शब्द सांगायला यांना जमलं नाही. ते मात्र अमृतापुढे खाली बसले होते.

"लई नसंल, बाई. पण तुझ्या पोटात किती गेलं, ते ह्या यंत्रावर मोजता येत नाय. आत्ताच डॉक्टरीणबाईकडं जाऊ."

रिक्षा बोलवायला मी निघालो. मागे कडुबा आपल्या खोलीचं दार उघडत होते. "पारू, आत ये," ते म्हणाले. "काय काय हाय ते सगळं दावतो."

पारूबाई उंबऱ्याशीच थांबल्या. त्यांनी अमृताचा हात घट्ट धरून ठेवला होता.