डोळ्यांदेखतचं इंग्रजी

इंग्रजीचे मास्तर जगात पुष्कळ असतील, पण शब्दाला आधी डोळ्यांनी बघून, जमल्यास हात लावून, मगच वाक्यात घेणारा मास्तर एकच जन्माला आला आणि तो नेमका आमच्या अक्काच्या वाट्याला आला. अक्का माझी थोरली बहीण, आणि दाजी देऊळगाव राजाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. त्यांचं म्हणणं असं, की नाम वाक्यात घालायचं तर वाक्य खरं पाहिजे. "द काऊ इज व्हाइट" लिहिलंस ना? मग चल, दाखव मले पांढरी गाय. गाय तांबडी निघाली की वाक्य चूक. "बार्बर" शिकवायच्या दिवशी त्यांनी आठवीचा अख्खा वर्ग बाजारातल्या सलूनपुढे नेऊन उभा केला. आत एक पाटील तोंडाला फेस लावून बसले होते. पोरांनी एका सुरात "द बार्बर इज शेव्हिंग द पाटील" म्हटलं, आणि पाटील अर्ध्या दाढीनिशी, टॉवेल गळ्यात तसाच ठेवून, मागच्या दाराने निघून गेले. दाजींनी लगेच तेच वाक्य भूतकाळात करून घेतलं.

अशा माणसाच्या घरी मला ठेवण्यात आलं, कारण मॅट्रिकच्या इंग्रजीत मी दोनदा आपटलो होतो. धामणगाव बढे या आमच्या गावाहून निघताना बाबांनी पिशवी हातात देत बजावलं, "आता आपटला तं मामाच्या आडतीवर पोती शिवाले बसायचं. मंग मास्तरकीचं नाव काढायचं नाही." मला तर प्राथमिक शाळेत मास्तर व्हायचं होतं. त्यात विद्येचं प्रेम किती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचं किती, हे मी अजूनही कुणाला सांगत नाही. दाजींनीही बाबांना छातीवर हात मारून शब्द दिला होता, "याले मी काढतो." त्यामुळे त्या घरात सकाळी मी घाबरलेला असायचो आणि संध्याकाळी, माझी वही पाहिल्यावर, दाजी.

त्या घाबरटपणातच मी एकदा लिहून गेलो, "द गोट इज ऑन द रूफ." दाजींनी चष्मा पुसला, अंगणात जाऊन वर पाहिलं. छपरावर अक्काने जिवापाड जपलेला भोपळ्याचा वेल होता, शेळी नव्हती. "उद्यापरेंत खरं कर, नाही तं खोड," ते म्हणाले. शहाण्या माणसाने खोडलं असतं. मी शेजारच्या बागवान चाचींची शेळी खांद्यावर घेऊन शिडी चढलो. शेळी वर पोचली, वेल पाहून तिला परमानंद झाला, आणि खाली उतरायला ती काही केल्या तयार होईना. चाची खालून ओरडल्या, "मास्टर, अब मेरी बकरी को बी मॅट्रिक में बिठाते क्या?" अक्काने कपाळावर हात मारला, "याचं वाक्य खरं झालं, माहा भोपळा गेला न माय!" दाजी मात्र टाचा उंचावून शेळीकडे बघत होते. "करेक्ट," म्हणाले, आणि मग शिडी धरायला धावले.

परीक्षा बुलढाण्याला होती. पेपर हातात आला. नामांचा वाक्यात उपयोग करा, असा प्रश्न होता. वेल म्हणजे विहीर, मार्केट म्हणजे बाजार, हे सगळं मी हात लावून पाहिलेलं, झरझर लिहिलं. पुढे आलं "शिप". म्हणजे जहाज. आमच्या जिल्ह्यात जहाज कुठून आणू? लोणारचं तळं डोळ्यांसमोर आणून पाहिलं, त्यात तर साधी होडीही तरंगेना. "द शिप इज बिग" असं कुणीही लिहिलं असतं. माझं पेन कागदावर टेकायचं आणि उचललं जायचं. मोठं आहे हे मला कुणी सांगितलं? शेजारचा पोरगा पुरवणी मागत होता, पर्यवेक्षक माझ्याकडे संशयाने बघत होते, आणि मी जहाजाची वाट पाहत बसलो होतो. शेवटी लिहिलं, "आय हॅव नॉट सीन अ शिप." त्यात इतका वेळ गेला, की निबंध अर्ध्यावर असतानाच घंटा झाली.

फाटकाशी दाजी उभे. पहिल्या एसटीने आले होते, आणि अक्काने बांधून दिलेला डबा उघडलाही नव्हता.

"काऊन बे, तोंड काऊन उतरलं?"

मी जहाजाचं सांगितलं. निबंधाचंही सांगितलं. मला वाटलं, पाठीवर थाप पडेल. एवढं खरं वाक्य त्यांच्या कुठल्याच विद्यार्थ्याने लिहिलं नसेल. पण दाजी एकदम ओरडले.

"अरे, 'द शिप इज बिग' लिहून मोकळं व्हायचं होतं बे! तिथं कोण पाहाले जाऊन राह्यलं होतं?"

बोलले आणि स्वतःच दचकले. मग माझी पिशवी त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि स्टँडकडे चालू लागले. वाटेत एसटी चिखलीला थांबली. तिथे चहा बशीत ओतता ओतता हळूच म्हणाले, "मीबी नाही पाह्यलं जहाज. इतकी वर्षं जहाजाचा धडा मी सोडूनच देतो."

निकाल लागेपर्यंत ते नीट जेवले नाहीत, असं अक्का सांगायची. मी नीट जेवत होतो, हेही तीच सांगायची. वर्तमानपत्रात माझा नंबर मी शोधला, तो दाजींनी पुन्हा शोधला, मग पेपर उजेडाला धरून पुन्हा पाहिला. गुणपत्रिका आली तेव्हा कळलं, इंग्रजीत काठावर निघालो होतो. आडतीवरची पोती वाचली, पुढे मी मास्तर झालो.

दाजींच्या वर्गात मात्र त्यानंतर जहाजं आली. विमानं उडाली, राजे शिकारीला गेले, ज्यांनी कधी समुद्र ऐकलाही नव्हता ती पोरं बिनधास्त समुद्रात पोहू लागली. दाजी मान खाली घालून सगळ्यांवर बरोबरची खूण करायचे. गावात म्हणत, मास्तर आता सुधारले. एकदा सुट्टीत गेलो, तर ते वह्या तपासत बसले होते. एका वाक्यापाशी पेन्सिल बराच वेळ थांबली. त्यांनी खूण केली, वही मिटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पास तं झालं पायजे न पोरगं."