पाण्याचा आकडा

रेवसच्या धक्क्यावर महिपत तीस वर्षं लाँचचे दोर झेलत आला. त्याची लेक दीक्षा बेलापूरच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायची, वर्षाच्या करारावर. पहिल्याच दिवशी तिथले मुख्य, केतन सर, यांनी पूर्ण नाव विचारलं आणि आडनाव ऐकून "अच्छा" एवढंच म्हणाले. ते "अच्छा" तिला कुसळासारखं रुतून बसलं. आता करार संपत आला होता. लाँचचं काम नीट उतरलं तर ती कायम होणार होती.

कुठल्या धक्क्याला लाँच कधी लागेल, ते संगणकानं सांगायचं होतं. बापाचं बोलणं तिला पाठ, "एका बंदराचा गाळ दुसऱ्याला न्हाय, पोरी." म्हणून तिनं प्रोग्राममध्ये प्रत्येक धक्क्याच्या नावाचा वेगळा 'टाइप', म्हणजे स्वतंत्र प्रकार, केला. धक्के पाच, टाइप पाच, ज्याचा त्याचा नियम वेगळा. नाव दिसलं की प्रोग्रामची भाषा आपसूक त्याचाच नियम उचलते.

केतन सर खूष. "झकास! पाण्याच्या खोलीचंही असंच कर."

"सर, धक्के ठरलेले आहेत, पाणी नाही. प्रत्येक नवा आकडा म्हणजे नवा टाइप. दर वेळी मशीन नव्यानं कोड तयार करत बसेल. खोली नुसती संख्याच राहू द्या."

"दोर झेलणाऱ्याची पोर तू, आम्हाला मशीन शिकवतेस?" सगळे हसले. बदल सरांनी स्वतःच्या हातानं केला.

रेवसला चाचणीच्या दिवशी ओहोटी लागलेली. खोलीचा आकडा सारखा बदलत होता, पडद्यावर चक्र फिरत होतं. लाँच हाकणारा तांडेल संगणकाच्या हुकमाची वाट बघत लाँच बाहेर धरून राहिला. "लागा" आलं तोवर पाणी निघून गेलं होतं. ऐंशी माणसं पाच तास गाळात.

"महिपतदा, पोरीचं मशीन झोपलं काय रं?" लाँचवरून कुणी ओरडलं. महिपत रिकामे हात घेऊन उभा.

अहवालात आलं: पद्धत सदोष, मूळ कल्पना दीक्षाची. करार वाढला नाही. आठवड्यानं सरांनी खोलीची गुपचूप परत संख्या केली. लाँच आता वेळेवर लागते, तिच्याच पाच नियमांवर. दोर महिपतच झेलतो.

एकदा जेवताना त्यानं विचारलं, "तू सांगितलं व्हतंस ना त्याला?"

"सांगितलं."

"मंग?"

"त्यानं नाव आधी बघितलं व्हतं, बाबा. त्या नावाचा नियम त्याच्याकडं तयार व्हता."

महिपतनं हातातला घास ताटात परत ठेवला.