धडधडेकाका आणि उमरबोडीचा नाला

धडधडेकाका लिफ्टला भीत. आमचं कार्यालय शहरातल्या सदर भागात, एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. काका रोज सकाळी जिन्यानं वर येत आणि प्रत्येक मजल्यावर थांबून उजवा तळहात छातीवर ठेवून आत काय चाललंय ते ऐकत. फाटकाजवळच्या म्हाताऱ्या कुत्र्याला भीत, बंद लिफाफ्याला भीत, अनोळखी नंबरच्या फोनला तर फारच. फोन वाजला की तो टेबलावर पालथा घालत आणि म्हणत, "वाजू द्या जी. ज्याले खरंच काम असन तो येईन." त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. पण 'धडधडे' हे नाव इतकं आडनावासारखं वाटायचं, की आवक-जावक बघणाऱ्या नव्या कारकुनानं एकदा सरकारी पाकिटावर तेच लिहिलं. काकांनी तक्रार केली नाही. पाकीट मात्र दोन दिवस उघडलं नाही.

मी नगररचनेत सहायक म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. ते अनुरेखक होते, म्हणजे नकाशांवरून नकाशे उतरवून घेणारे. आता ते काम संगणक करतो, त्यामुळे काकांकडे कोपऱ्यातलं एक उतरतं टेबल आणि जुन्या कापडी नकाशांचं कपाट एवढंच राहिलं होतं. माझ्या मनात त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर उत्पन्न झाला तो एका क्षुल्लक गोष्टीनं. एका ले-आउटचा नकाशा मी पडद्यावर बघत होते. काका मागून जाता जाता थांबले आणि म्हणाले, "मॅडम, ही विहीर कुठं गेली?" मी म्हटलं, "कुठली विहीर?" ते म्हणाले, "इथं होती. विहीर चालत नाही जी." दुपारी त्यांनी कपाटातून कापड काढून दाखवलं. विहीर तिथंच होती.

सहीला ते सगळ्यात जास्त भीत. साधी रजेच्या अर्जावरची सही करतानासुद्धा आधी कोऱ्या कागदावर पेन चालवून बघत, मग खुर्ची पुढे ओढत, मग अर्ज पुन्हा वाचत. एकदा मी हसले. "हसा मॅडम," ते म्हणाले, "पण ज्याचा हात सही करताना थरथरत नाही ना, त्याच्या कागदावर आपण घर बांधू नये." तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं.

मग उमरबोडीची फाइल आली.

उमरबोडी हा शहराबाहेरच्या मिहान प्रकल्पापलीकडचा, मालगुजारांच्या म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला तलाव. मातीची लांब पाळ, पलीकडे मासे धरणाऱ्या ढिवरांची पंधरावीस घरं, काठाला बेशरमाची दाट झुडपं. तलावाच्या खालच्या अंगाला बंगले आणि दोन उंच इमारती अशी वसाहत करायची होती. माहितीपत्रकावर पाण्यात पाय सोडून बसलेलं एक सुखी कुटुंब होतं. लोकांकडून हरकती मागवल्या गेल्या होत्या, सुनावणीची तारीख लागली होती, आणि त्याआधी स्थळपाहणीचा अहवाल द्यायचा होता. अहवाल मी लिहायचा होता. माझ्या आयुष्यातला तो पहिला मोठा अहवाल.

पाहणीला काका बरोबर आले. नको नको म्हणत आले, पण आले, कारण जुना नकाशा ते दुसऱ्याच्या हातात देत नसत. पाळीवर उभं राहून त्यांनी कापड उघडलं आणि बोट ठेवलं. तलाव भरला की जास्तीचं पाणी ज्या सांडव्यातून बाहेर पडतं, तिथून एक नाला निघत होता आणि तो थेट नियोजित वसाहतीच्या मधोमध जात होता. बिल्डरच्या नकाशात नाला नव्हता. समोर जमिनीवरही नव्हता. तिथं ताजा लाल मुरूम पसरून, रोलर फिरवून सपाट केलेलं होतं. जाळं सुकवत बसलेली एक ढिवरीण आमच्याकडे बघत होती. काकांनी तिला विचारलं, "बाई, नाला कुठं गेला वं?" तिनं मुरमाकडे हनुवटी केली. "दिवाळीनंतर गाड्या येऊन राहिल्या होत्या. बुजवला."

तेवढ्यात एक पांढरी गाडी पाळीखाली येऊन थांबली आणि तिच्यातून बिल्डरचे मॅनेजर उतरले. पन्नाशीचे, स्वच्छ कपड्यातले, अतिशय गोड माणूस. ड्रायव्हरकडून त्यांनी आमच्यासाठी गार पाण्याच्या बाटल्या मागवल्या. उन्हाची, रस्त्याची चौकशी केली. मग मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही रामदासपेठेत राहता ना? दवाखान्याच्या मागच्या गल्लीत? आईंच्या गुडघ्याचं कसं आहे आता? जिना चढताना फार त्रास होतो त्यांना, दिसते ना." मी त्यांना त्याआधी कधीही भेटले नव्हते. आईच्या गुडघ्याबद्दल कार्यालयातही कुणाला माहीत नव्हतं. मी "बरी आहे" म्हटलं आणि माझ्या हातातली बाटली मला एकाएकी फार जड वाटली. काकांनी आपली बाटली उघडलीच नाही.  परत येताना काका जीपच्या मागच्या काचेतून सारखे वळून बघत होते आणि थोड्या वेळानं मीही बघायला लागले.

त्या आठवड्यात मी आईला तीनदा सांगितलं की कडी लावूनच बसत जा. ती म्हणाली, "काहून वं? झालं काय?" मला सांगता येईना. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. एका सभ्य माणसानं तिच्या गुडघ्याची चौकशी केली होती, एवढंच.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट नव्हते, थकलेले होते. म्हणाले, "खोटं काही लिहू नका. जे दिसलं तेच लिहा. तिथं नाला दिसला का तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही सर, पण..." ते म्हणाले, "मग झालं तर." मी जागेवर येऊन लिहिलं: 'स्थळपाहणीच्या वेळी जागेवर नाला आढळून आला नाही.' वाक्य खरं होतं. शंभर टक्के खरं होतं. ते लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच मला शरम वाटली.

जेवणाच्या सुटीत काका माझ्या टेबलाशी आले. कागद वाचला. नेहमीप्रमाणे हात छातीवर गेला. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच, मी न विचारता, स्वतःबद्दल बोलले.

नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या एका गावी, त्यांच्या तेव्हाच्या वरिष्ठांनी त्यांना एक नाला बोटभर अलीकडेच थांबवायला सांगितला होता. "नकाशावर बोटभर, मॅडम. मी म्हटलं, बोटभरानं काय होते! रेघ थांबवली, खाली सही केली." पुढे तिथं घरं झाली. काही वर्षांनी एका पावसाळ्यात भरदुपारी पाणी आलं. एका घरात लकवा झालेला म्हातारा खाटेवर होता. सून बाजारात गेली होती, बाहेरून कडी लावून. "पेपरात चार ओळी आल्या. मी गेलो त्या घरी. काहून गेलो, मले आजही सांगता येत नाही. दारात उभा राहिलो तं त्या लोकांले वाटलं, भेटाले आला कोणी. सुनेनं खुर्ची देल्ली. पाणी आणून देल्लं." मग म्हणाले, "ते पाणी मी पेलो जी."

माझ्या हातातला डबा तसाच उघडा राहिला.

"मले कोणीच विचारलं नाही आजपर्यंत," काका म्हणाले. "ना साहेबानं, ना पोलिसानं. म्हणून फोन वाजला की वाटते, आता विचारतीन. लिफाफा आला की वाटते, हेच असन." मग माझ्या कागदाकडे बोट करून म्हणाले, "मीबी खोटं नव्हतं लिहिलं, मॅडम. नाला तिथंवर होताच. फक्त पुढचा नाही दाखवला."

मी ते वाक्य खोडलं. लिहिलं: 'जुन्या अभिलेखात दर्शवलेला सांडव्याचा नाला मुरूम टाकून बुजवलेला आढळला.' साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "सुनावणीत हे तुम्हालाच सांभाळावं लागेल." मी हो म्हटलं. त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री मला झोप लागली नाही.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. एका बाजूला ढिवर बायामाणसं, दुसऱ्या बाजूला मॅनेजर आणि त्यांचे वकील, समोर समिती. वकिलांनी माझा अहवाल हातात धरून शांतपणे विचारलं, "मॅडम, आपण स्वतः डोळ्यांनी नाला पाहिलात का? हो किंवा नाही?" मी उभी राहिले. मॅनेजर माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. मान किंचित कलती करून, आईची चौकशी करताना कलती केली होती तशीच. आणि माझा आवाज गेला. अक्षरशः गेला. तोंड उघडं, आणि त्यातून काही येईना.

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. धडधडेकाका नकाशाची गुंडाळी काखेत धरून पुढे येत होते. चेहरा पांढराफटक, हात असा हलत होता की गुंडाळी कोटावर घासल्याचा आवाज मला ऐकू येत होता. समितीच्या टेबलावर त्यांनी कापड पसरलं. "साहेब, मले लय भेव लागून राहिलं, उभं राहवत नाही. बसून सांगतो," ते म्हणाले. काही लोक हसले. काका बसले. सांडव्यावर बोट ठेवलं आणि ते बोट हळूहळू, एकही वळण न सोडता, वसाहतीच्या मधून पार खालच्या वस्तीपर्यंत नेलं.

वकील म्हणाले, "पण आज तिथं नाला नाहीच ना?"

"नाही जी," काका म्हणाले. "बुजवला. पण बुजवला हे पाण्याले कोणी कळवलं?"

या वेळी कुणी हसलं नाही. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढला, नकाशावर वाकले आणि म्हणाले, "पुन्हा दाखवा." काकांनी पुन्हा दाखवलं. त्या दुसऱ्या वेळी माझा आवाज परत आला आणि उरलेलं मी सांगितलं. प्रस्ताव नामंजूर झाला नाही. तसं क्वचितच होतं. तो नव्यानं मोजणी करून घेण्यासाठी परत पाठवण्यात आला. बाहेर पडताना मॅनेजरांनी काकांना वाकून नमस्कार केला. "काका, तब्येत सांभाळा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून काकांच्या घरासमोर एक माणूस मोटारसायकलवर बसू लागला. सकाळी आठला यायचा, दुपारी जायचा. काही बोलत नसे, काही करत नसे. काका तीन दिवस कार्यालयात आले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते शेअर ऑटोतून, दोन अनोळखी माणसांच्या मधे दबून बसून. मी विचारलं, "पोलिसांत जायचं का?" ते म्हणाले, "जाऊन काय सांगू? माणूस बसून राहिला म्हणून?" तो माणूस पंधरा दिवसांनी यायचा थांबला. पण काका पुढे कितीतरी दिवस खिडकीचा पडदा बोटभर सरकवून आधी रस्ता बघत आणि मगच चपला घालत. घरी आईकडेही एकदा फोन आला. कुणीतरी तिला गुडघ्यासाठी चांगला डॉक्टर सुचवला आणि नाव न सांगता ठेवून दिला.

काका निवृत्त झाले. निरोप समारंभात मधल्या खुर्चीवर बसायला ते तयार होईनात, शेवटी आम्ही त्यांना भिंतीलगतच्या खुर्चीवरच हार घातला.

त्यानंतरच्या श्रावणात सलग तीन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या दारात उभे. भिजलेले, छत्री उलटी झालेली. "मॅडम, उमरबोडीले जाऊन येऊ," म्हणाले. आम्ही गेलो. पाळीजवळ ढिवरांचा घोळका उभा होता. सांडव्यावरून पाणी कोसळत होतं आणि खाली, तो मुरूम कापून, जुन्याच वळणांनी, कंबरभर खोल लाल पाणी चाललं होतं. वसाहतीची मोठी पाटी, पाण्यात पाय सोडून बसलेल्या कुटुंबासकट, एका झाडाला जाऊन अडकली होती. आवाज इतका मोठा होता की बोलण्यासाठी कानाशी तोंड न्यावं लागत होतं.

काकांनी माझी बाही धरली. "तिथं कोणी राहाले आलं नव्हतं ना?"

"नाही काका. कुणीच नाही."

"चौकीदार? मजूर?"

आम्ही ढिवरांना विचारलं. त्यांनीही सांगितलं, कोणी नव्हतं. काकांनी तिघांना वेगवेगळं विचारलं. मग ते पाळीवरच्या ओल्या दगडावर बसले आणि कितीतरी वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

थंडीत ते गेले. फार आजारी नव्हते. मी घरी भेटायला गेले तेव्हा काकू मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, चहा दिला आणि म्हणाल्या, "जनमभर मी त्याइले रातच्याला उठून बसलेलंच पाहिलं वं बाई. मागचे चार महिने मात्र असे झोपले, असे झोपले, की मलेच भेव वाटायचं. हात लावून पाहायची मी."

मी मान हलवली. त्याच आठवड्यात उमरबोडीचा प्रस्ताव नव्या नावानं, नव्या नकाशासह आमच्याकडे पुन्हा दाखल झाला होता. काकूंना मी ते सांगितलं नाही. चहा संपवला, चपला घातल्या आणि कार्यालयात गेले. स्थळपाहणी दुसऱ्या दिवशी होती.