कोल्हापूरचा हिरवा दिवा

पहाटे पुणे सोडलं आणि कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. मोजमापाचे सेन्सर बसवणं आणि तपासणं हा माझा व्यवसाय. इथल्या एका कारखान्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीचे ब्रेक ड्रम तयार होतात. ड्रमचा आतला व्यास आमचा लेसर सेन्सर मोजतो. बरोबर असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल. त्या सेन्सरची वार्षिक तपासणी करून दाखला द्यायचा, एवढंच काम होतं.

स्टँडसमोर मिसळ घेतली. हॉटेलवाल्याने न विचारताच वर कट (झणझणीत रस्सा) ओतला.

"खावा की पावणं (पाहुणे), लाजायचं न्हाय," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी आलं, पण मजा आली.

रिक्षा औद्योगिक वसाहतीकडे निघाली. वाटेत उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालले होते. उतारावर आमचा रिक्षावाला त्यांच्यापासून लांबच राहत होता.

कारखान्यात सुपरवायझर सूर्यकांत यांनी हसून स्वागत केलं. "तुमच्या सेन्सरला नाव ठेवायचं काम न्हाय. वर्षभरात लाल दिवा लागलेलाच न्हाय."

हे ऐकूनच मी दचकलो. एवढ्या ड्रममध्ये एकही वाईट नाही? खाली वाकून पाहिलं. सेन्सरचं तोंड बाजूला वळवलेलं होतं. त्याच्यासमोर एक चांगला ड्रम बोल्टने पक्का बसवला होता. सेन्सर वर्षभर तोच एक ड्रम मोजत होता आणि बाकीचे न मोजता पुढे सरकत होते. त्या ड्रमवर धुळीचा कणही नव्हता. कोणीतरी तो रोज पुसत होतं. माझं डोकं सणकलं.

"हे कोणी केलं?"

"लाल दिवा लागला की लाईन थांबतिया," सूर्यकांत शांतपणे म्हणाले. "केसभर फरकानं काय हुतंय? सही करा, मग तांबडा-पांढरा रस्सा जेवायला जाऊ."

मी सेन्सर सरळ केला. लाईन चालू झाली. हिरवा. लाल. पुन्हा लाल.

मशीनवरच्या शमशादताई पुढे आल्या. "म्हंजे आजपतूर ह्ये कुणी मोजतच न्हवतं?"

"नाही."

"माझा भाऊ ऊस वाहतोय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी लाईनचं लाल बटण दाबलं. सूर्यकांत ओरडले, तरी त्यांनी बटणावरचा हात काढला नाही.

मालक आले. त्यांनी शमशादताईंना घरी जायला सांगितलं आणि माझ्याकडे वळले. "पावणं म्हणून आलाय, पावण्यागत ऱ्हावा."

ड्रम घेणाऱ्या कंपनीला मी त्यांच्यासमोरच फोन लावला आणि फोटो पाठवले. संध्याकाळी निघालो तेव्हा फाटकात ड्रम भरून उभा असलेला ट्रक रिकामा होत होता.

परतीच्या बसमध्ये आमच्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. "दाखला द्यायचा आणि यायचं. चांगलं गिऱ्हाईक घालवलंस." मी फोन ठेवून दिला.

घरी येऊनही राग उतरलेला नाही. शमशादताईंना कामावरून काढलं, सूर्यकांत अजून तिथेच आहेत. सेन्सर खोटं बोलला नव्हता, त्याच्यासमोरचा ड्रम खरोखरच चांगला होता. खोटं बोलली ती माणसं, आणि तीही हसतमुखाने, जेवायला बोलावत. त्या वर्षभरातले ड्रम आज कुठल्या उतारावर आहेत, हे मी सगळ्यांना विचारून पाहिलं. कोणालाच माहीत नाही.